आकाशाकडे उघडणारे घर : वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया
(भैंसा येथील व्याख्यानाचा लेखी पाठ)



वैशाखातील भैंसा ज्याने अनुभवले आहे त्याला घराची महती निराळी सांगावयास नको. सरकीचे गाडे रिकामे झालेले, सुद्धा वागूचे पात्र आटलेले आणि दुपारी बारानंतर रस्त्यावर चिटपाखरू नाही, अशा दिवसांत जुन्या घरांतील माणसे घड्याळाच्या काट्याप्रमाणे जागा बदलीत असत. सकाळी ओसरी, दुपारी आतला अंधारा खण, दिवेलागणीला सडा घातलेले अंगण आणि रात्री माळवदावरची अंथरुणे. माळवदावरची पांढरी माती आणि जाड भिंती दिवसाची आग बाहेर अडवून धरीत. छतातील साण्यातून उजेड खाली उतरे आणि तापलेली हवा वर निघून जाई. हे सारे कोणा अभियंत्याने आखून दिलेले नव्हते. गवंडी, सुतार आणि घरधनी यांच्या पिढ्यापिढ्यांच्या अनुभवातून ते सिद्ध झाले होते. म्हणूनच त्याला शास्त्र म्हणावे असे फारसे कोणाला वाटले नाही, आणि सिमेंटची स्लॅब गावोगाव पोहोचताच ते सोडून देतानाही कोणाला हळहळ वाटली नाही.

या अनुभवाला आधुनिक वास्तुशास्त्राच्या जगात प्रतिष्ठेचे आसन मिळवून देणाऱ्या व्यक्तींमध्ये चार्ल्स कोरिया यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांचे घराणे मूळचे गोव्याचे. परंतु त्यांचा जन्म १ सप्टेंबर १९३० रोजी सिकंदराबाद येथे झाला. त्या काळी भैंसा हे नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यातील गाव होते आणि सिकंदराबादेप्रमाणेच हैदराबाद संस्थानात मोडत होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे आंध्रात राहून आदिलाबाद जिल्ह्याला जोडली गेली. २०१६ पासून ती निर्मल जिल्ह्यात आहेत. सीमा अशा सरकत राहिल्या, ऊन मात्र तेच राहिले. कोरिया यांना पुढे ज्या उन्हाशी आयुष्यभर व्यवहार करावयाचा होता, ते प्रथम त्यांनी पाहिले असेल ते याच दख्खनच्या पठारावर.

बालपणी त्यांना खेळण्यातल्या आगगाड्यांचा विलक्षण नाद होता. रूळ कसे मांडावेत, वळणे कोठे घ्यावीत, गाडी कोठून कोठे न्यावी, याचे नकाशे काढता काढता आपण वास्तुशास्त्राकडे वळलो, असे ते सांगत. मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयानंतर ते अमेरिकेस गेले. मिशिगन विद्यापीठात व नंतर मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत शिकले आणि १९५८ साली त्यांनी मुंबईस स्वतःचा व्यवसाय मांडला. त्यांच्या गुरुजनांत बकमिन्स्टर फुलर होते. निसर्ग कमीत कमी द्रव्यात जास्तीत जास्त बळ कसे साधतो याचा ध्यास घेऊन हलक्या त्रिकोणी सांगाड्यांचे घुमट उभारणारे फुलर हे मुळात संशोधक वृत्तीचे रचनाकार. कोरिया यांच्या पदव्या वास्तुशास्त्राच्या होत्या, अभियांत्रिकीच्या नव्हत्या. तथापि वास्तुकाराने देखणेपणा पाहावा आणि अभियंत्याने भार पाहावा, ही वाटणी त्यांनी कधी मनापासून मानली नाही.

इमारतीने निसर्गापासून प्रेरणा घेतली असे आपण म्हणतो तेव्हा त्याचे दोन निरनिराळे अर्थ संभवतात, आणि त्यांची गल्लत होऊ नये म्हणून येथे थोडे थांबणे इष्ट आहे.

पहिला अर्थ रूपाचा. स्पेनमधील व्हॅलेन्सिया प्रांतात १९५१ साली जन्मलेले सान्तियागो कालात्रावा यांनी वास्तुशास्त्र आणि स्थापत्य अभियांत्रिकी या दोन्ही विद्या रीतसर संपादन केल्या आहेत. हाडांचे सांगाडे, बरगड्या, पाकोळ्यांचे पंख यांचा अभ्यास करून ते पूल आणि इमारती रचतात. अमेरिकेतील मिलवॉकी येथील कलासंग्रहालयावर २००१ साली त्यांनी अवाढव्य पंखांची जोडी बसविली. ते पंख सकाळी उघडतात, सायंकाळी मिटतात आणि वारा फार वाढला तरीही आपोआप मिटतात. आपल्याकडे दिल्लीत १९८६ साली पूर्ण झालेले बहाई उपासनागृह कमळाच्या आकाराचे असून त्याला संगमरवराने मढविलेल्या सत्तावीस पाकळ्या आहेत. हे सारे पाहून मन थक्क होते. परंतु आकाराची भूल महागही पडू शकते. व्हॅलेन्सिया येथील कालात्रावा यांच्या संगीतनाट्यगृहाच्या शुभ्र कवचावरील फरश्यांचे तुकडे २०१३ च्या अखेरीस गळू लागले आणि ते आच्छादन काढून टाकावे लागले. पक्ष्याचे पीस गळले तर नवे येते. इमारतीचे पीस पुन्हा बसवावयास निविदा मागवावी लागते.

दुसरा अर्थ आचरणाचा. झाड कसे दिसते, एवढ्यावर न थांबता झाड काय करते ते पाहणे. ते ऊन वरच्या वर अडविते, वाऱ्याला वाट देते, आपल्या पानांतून ओलावा सोडून खालची हवा निववते आणि खाली बसणाऱ्याला भिंतीत कोंडीत नाही. कोरिया यांची वाट ही. त्यांच्या इमारतींत पान, फूल वा पंख शोधू जाल तर बहुधा निराश व्हाल. तेथे ऊन, वारा, पाणी आणि आकाश यांच्याशी केलेला करार सापडेल. उष्ण प्रदेशात आकाशाखालची मोकळी जागा हीदेखील घरातील एक खोलीच होय, आणि बांधलेल्या खोलीहून ती स्वस्त व पुष्कळदा सुखाची असते, हा विचार त्यांनी जन्मभर मांडला. राजांगणात तुळशीवृंदावन असलेल्या घरांत ज्या कुटुंबांच्या पिढ्या वाढल्या, त्यांना हा विचार कोणी पटवून देण्याची गरज नाही. गरज आहे ती तो आठवण्याची.

साबरमती आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालय हे त्यांचे पहिले मोठे काम. १९५८ मध्ये हाती घेतले तेव्हा त्यांचे वय केवळ अठ्ठावीस होते. १९६३ साली ते पूर्ण झाले. सहा मीटर लांब व सहा मीटर रुंद असा एक चौक कल्पून, त्याची पुनरावृत्ती करीत, काही चौक भिंतींनी बंद तर काही सर्व बाजूंनी मोकळे ठेवीत आणि मध्ये पाण्याचे कुंड खेळवीत ही वास्तू पसरत गेली आहे. आपल्याकडे घर मोजण्याची रीत खणांची आहे. अमुक घर पाच खणांचे, तमुक नऊ खणांचे. कुटुंब वाढले की खण वाढवावा. साबरमतीचे संग्रहालयही तसेच खणाखणाने वाढणारे आहे. विटांचे खांब, दगडी फरशी, लाकडी दारे, झडपांच्या खिडक्या आणि वर कौले; काच कोठेही नाही.

या साधेपणात एक बारकावा लपला आहे आणि तो अभियंत्याच्या नजरेने पाहावा असा आहे. खांबांवरून गेलेल्या सिमेंट-काँक्रीटच्या तुळया वरच्या बाजूने पन्हाळीसारख्या खोलगट आहेत. कौलांचा भार तीच तुळई पेलते आणि कौलांवरून ओघळणारे पावसाचे पाणीही तीच वाहून नेते. एका अवयवाने दोन कामे करावीत ही निसर्गाचीच रीत; झाडाचे खोड तरी दुसरे काय करते? फांद्यांचा भार तेच उचलते आणि मुळांचे पाणी पानांपर्यंत तेच पोहोचविते. कोरिया यांनी खोडाचा आकार घेतला नाही, खोडाची युक्ती मात्र घेतली.

त्यानंतरचे एक लहानसे घर विशेष उल्लेखनीय आहे. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी स्वस्त घरे सुचवावीत म्हणून गुजरातेत स्पर्धा झाली होती. अपेक्षा होती ती मजल्यांवर मजले असलेल्या चाळींची. कोरिया यांनी दाखवून दिले की तितक्याच जागेत तितकीच कुटुंबे जमिनीलगतच्या घरांतही राहू शकतात, आणि पारितोषिकही त्यांनाच मिळाले. नमुन्यादाखल १९६१-६२ मध्ये अहमदाबादेत एक घर बांधले गेले. रुंदी चार मीटरांहूनही कमी, लांबी मात्र अठरा मीटरांच्या आसपास. एखाद्या नळीसारखे, म्हणून त्याचे नावच ‘नळीघर’ पडले. लांब भिंतींना खिडक्या नाहीत, त्यामुळे शेजाऱ्याशी भिंतीला भिंत भिडविता येते. वारा दाराजवळच्या झडपांतून आत येतो, तापून हलका झाला की उतरत्या छताच्या आतल्या अंगाने वर सरकतो आणि आढ्याजवळ ठेवलेल्या फटीतून बाहेर पडतो. त्याची जागा घेण्यास खालून नवा वारा येतो. विजेचा एक दमडीचाही खर्च नाही. माळवदाच्या साण्याला हे तत्त्व कित्येक शतके ठाऊक होते. भेद इतकाच की साणे परंपरेने आले होते आणि येथे छताचा उतार, फटीची जागा व झडपांची उंची हे सारे विचारपूर्वक योजले होते. ते घर आज उरलेले नाही.

आग्र्याच्या किल्ल्याचा दाखला कोरिया वारंवार देत. उन्हाळ्यात पहाटेच मोठ्या चौकावर जाड शामियाना ताणून रात्रीचा गारवा खाली कोंडून ठेवावयाचा, दिवस तळच्या दालनांत घालवावयाचा आणि सायंकाळी शामियाना दूर सारून गच्चीवरच्या उद्यानात यावयाचे. थंडीच्या दिवसांत हाच क्रम उलटा. यावरून त्यांनी अहमदाबादेतील एका कुटुंबासाठी घराचे दोन विभाग शेजारी शेजारी रचले. उन्हाळ्याच्या दिवसांचा विभाग तळाशी रुंद व वर निमुळता, म्हणजे आकाशाकडे त्याचे तोंड लहान. हिवाळ्याचा आणि उन्हाळ्यातील सायंकाळचा विभाग याच्या नेमका उलट, वर रुंदावत जाऊन गच्च्यांनी आकाशाला सामोरा. दिवाळीनंतर अंगणात उन्हाला बसणारी आणि चैत्रात तीच जागा टाळणारी माणसे हेच करतात. त्यांचे घर मात्र बदलत नाही. येथे घरच दोन झाले.

या विचाराची एक परीक्षा हैदराबादेतच झाली. इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनच्या कार्यालयाची इमारत त्यांनी १९६५ ते १९६८ या काळात उभारली. कार्यालयातील माणसाला दुपारी आतल्या खणात जाऊन निजता येत नाही; ऐन उन्हाच्या वेळीच त्याने टेबलाशी बसावे अशी अपेक्षा असते. म्हणून वातानुकूलन यंत्रावर भरवसा न ठेवता इमारतीने स्वतःच गारवा निर्माण करावा असे योजले गेले. मध्ये चौक, त्याभोवती कामाची दालने, छतावर पाण्याचा पातळ थर आणि त्याहीवर उन्हाची तिरीप मोडणारा विस्तीर्ण जाळीदार मांडव. आपल्या अंगणातील वेलीचा मांडव आणि दारचा सडा या दोन घरगुती गोष्टी येथे सरकारी कार्यालयाच्या डोक्यावर जाऊन बसल्या. छतावर पाणी साठवून ठेवणे म्हणजे गळतीला आमंत्रण, असे कोणाही व्यवहारी माणसाच्या मनात येईल, आणि ते अगदीच चुकीचे नाही. अशी इमारत नित्य निगा मागते. निगा राखण्याची सवय नसेल तर निसर्गाशी केलेला करार एकतर्फी मोडतो.

मुंबईच्या कंबाला टेकडीवरील ‘कांचनजंगा’ ही चौऱ्याऐंशी मीटर उंच इमारत पाहताना मात्र वास्तुकार आणि अभियंता यांची सांगड लक्षात घ्यावी लागते. १९७० ते १९८३ हा तिचा काळ. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, देखावाही तिकडचाच. पण दुपारनंतरचे कडक ऊन आणि आषाढातील झोडपणारा पाऊसही त्याच दिशेने. जुन्या बंगल्यांनी भोवती रुंद व्हरांडा घेऊन हा पेच सोडविला होता. तोच व्हरांडा आकाशात नेऊन कोरिया यांनी प्रत्येक घराच्या कोपऱ्याला दोन मजले उंचीचा बागेचा सज्जा दिला. इमारतीचे कोपरेच असे कोरून काढावयाचे म्हणजे तिला पेलावयाचे कोणी? हे उत्तर संरचना अभियंता शिरीष पटेल यांनी दिले. उद्वाहनांभोवतीचा मधला गाभा आधी सलग वर चढवीत नेला आणि वाऱ्याचा आडवा जोर त्या गाभ्यावर सोपविला. देवळाच्या गाभाऱ्यावर शिखराचा भार असतो, येथल्या गाभ्यावर वाऱ्याचा. तेव्हा कोठे कोपरे मोकळे झाले. ही घरे श्रीमंतांची होती हे खरे. परंतु भोवतालच्या मुंबईने त्यांच्यापासून उंची तेवढी घेतली, सज्जा घेतला नाही, हे पाहून खेद वाटतो.

पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलविज्ञान केंद्राविषयी मराठी वाचकांना आपुलकी वाटणे स्वाभाविक आहे. डॉ. जयंत नारळीकर हे तिचे संस्थापक संचालक, आणि संस्थेची वास्तू घडविण्यासाठी त्यांनी कोरिया यांना पाचारण केले. येथे निसर्ग म्हणजे नुसते ऊनवारे नव्हे, सारे विश्व. काळ्या दगडाच्या भिंतीत खाली बेसाल्ट, त्यावर अधिक काळा कडप्पा आणि सर्वांत वर घोटलेला चकचकीत ग्रॅनाइट असा क्रम आहे. वरच्या झिलईत ढग उमटतात आणि भिंत कोठे संपली व आकाश कोठे सुरू झाले हे क्षणभर कळत नाही. मध्यभागी बारवेप्रमाणे पायऱ्या उतरत जाणारे कुंड असून त्याच्या कोपऱ्यांवर आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. मंदिरापुढील बारवेच्या पायरीवर बसून ज्यांनी आकाशाचे प्रतिबिंब पाहिले आहे त्यांना ही योजना परकी वाटणार नाही. ती कोठूनही उचललेली नाही, तरी ओळखीची आहे.

देवस्थानांच्या आवारात आज ठिकठिकाणी सभागृहे व भक्तनिवास उभे राहत आहेत. दात्यांची उणीव नाही, श्रद्धेचीही नाही. नकाशा पुढे आला म्हणजे बैठकीत खर्चाचा प्रश्न निघतो, दात्यांच्या नावांच्या फरशीचा निघतो; वारा कोठून येणार हा प्रश्न क्वचितच निघतो. मग सपाट स्लॅबखाली पंखे गरम हवाच फिरवीत राहतात, भर उन्हात झळाळणाऱ्या फरशीवर यात्रेकरूंचे अनवाणी पाय पोळतात आणि त्यावर उपाय म्हणून पत्र्याचे छप्पर येते, जे सायंकाळपर्यंत तव्यासारखे तापते. जुन्या मंदिराचा दगडी सभामंडप दोन पावलांवर गार असतो. त्याच्याकडे नमस्कारासाठी जाणारा आपणांपैकी कोणी कधी शिकण्यासाठी गेला आहे काय?

कोरिया यांचे सर्वच साधले असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. पणजीस मांडवीच्या काठी १९७३ ते १९८३ या काळात झालेली कला अकादमी ही गोवेकरांच्या गळ्यातील ताईत. ठेंगणी, पसरट, रस्त्यावरून चालणाऱ्याला मांडवाखालून थेट नदीपर्यंत नेणारी. आतल्या नाट्यगृहाला मंगेशीच्या दीनानाथ मंगेशकरांचे नाव, आणि त्याच्या भिंतींवर मारिओ मिरांडा यांनी चितारलेले जुन्या नाट्यगृहाचे सज्जे व त्यांत बसलेले प्रेक्षक. नाट्य, संगीत आणि नदीवरचा वारा यांचा असा संगम दुर्मीळच. परंतु समुद्राची खारी हवा आणि गोव्याचा पाऊस यांनी काँक्रीटला सोडले नाही. २०२१ पासून दुरुस्तीसाठी ही वास्तू बंद होती, आणि ते काम चालू असतानाच जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचावरील छप्पर रात्री कोसळले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. दोष कोणाचा यावर गोव्यात मोठा वाद झाला. त्यात न शिरता एवढे म्हणता येते की चुन्याच्या भिंतीची डागडुजी गावचा गवंडी करू शकतो. काँक्रीटच्या आत गंजणारी सळई डोळ्यांना दिसत नाही, आणि दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. निसर्गाला घरात बोलावणाऱ्या वास्तुशिल्पकाराने बांधकामाचे द्रव्य निवडताना जुन्या गवंड्याचा सल्ला आणखी थोडा ऐकला असता तर बरे झाले असते, असे वाटल्यावाचून राहत नाही.

कोरिया यांना पद्मश्री १९७२ साली व पद्मविभूषण २००६ साली मिळाले. ब्रिटिश वास्तुकारांच्या राजसंस्थेचे सुवर्णपदक १९८४ चे. १६ जून २०१५ रोजी मुंबईस त्यांचे निधन झाले. मानसन्मानांची यादी वाढविता येईल, परंतु त्यांच्या मनाचा खरा ओढा कोठे होता ते नव्या मुंबईत बेलापूरला दिसते. खाडीपलीकडे नवे शहर वसवावे ही कल्पना शिरीष पटेल व प्रवीणा मेहता यांच्यासमवेत त्यांनीच १९६० नंतरच्या दशकात मांडली होती, आणि नंतर सिडकोचे प्रमुख वास्तुकार म्हणून त्यांनी काम पाहिले. पुढे १९८३ ते १९८६ मध्ये बेलापूरच्या डोंगराच्या पायथ्याशी त्यांनी सुमारे साडेपाचशे कुटुंबांची वसाहत रचली.

सात घरे एका चौकाभोवती. चौक आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद. असे तीन पुंजके मिळून एकवीस घरांचा थोडा मोठा चौक. मग त्याहून मोठा, आणि सर्वांच्या मधून डोंगरावरचे पावसाळी पाणी वाहून नेणारा ओढा. प्रत्येक घराला स्वतःच्या जमिनीचा तुकडा, स्वतःचे परसू आणि डोक्यावर स्वतःचे आकाश. शेजाऱ्याशी भिंत सामाईक नाही. हे जाणूनबुजून केलेले, कारण उद्या मुलाचे लग्न झाले, हाती पैसा आला, तर घरधन्याला कोणाला न विचारता खोली वाढविता यावी. झाड जसे जागा पाहून फांदी काढते तसे घराने वाढावे. गरीब व सुस्थित यांच्या जमिनीच्या तुकड्यांतही त्यांनी फारसे अंतर ठेवले नाही; लहानात लहान पंचेचाळीस चौरस मीटर, मोठ्यात मोठा पंचाहत्तर.

घरे वाढली. इतकी वाढली की मूळची उतरत्या कौलांची पुष्कळ घरे पाडून तेथे स्लॅबचे मजले चढले आहेत आणि कोरिया यांची म्हणून ओळखता येतील अशी घरे आता शोधावी लागतात. वास्तुशास्त्राचे विद्यार्थी दुरून येतात आणि काहीसे निराश होतात. चौक मात्र जागच्या जागी आहेत.